मूडल ४.०

मूडल ४.० ही 'मूडल' या मुक्तस्रोत अध्ययन-व्यवस्थापन प्रणालीची एप्रिल २०२२ मध्ये प्रकाशित झालेली आवृत्ती होय. टिपणे, स्वाध्याय, चाचण्या व गुण विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी शिक्षणसंस्था ही प्रणाली वापरतात. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था ही त्यांपैकी एक. या आवृत्तीत प्रणालीच्या दर्शनी मांडणीची, म्हणजेच इंटरफेसची, पुनर्रचना करण्यात आली.

पार्श्वभूमी

मूडलचे निर्माते मार्टिन डूगियामास हे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील कर्टिन विद्यापीठाशी संबंधित होते. त्यांचे बालपण वाळवंटी वस्तीत गेले व प्रारंभीचे शिक्षण रेडिओवरून झाले. मूडलची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली.

अंतराचा हा प्रश्न मुंबई परिसरात मार्च २०२० मध्ये तीव्र झाला. टाळेबंदीत उपनगरी रेल्वेसेवा थांबली आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या कल्याण–कर्जत मार्गावरील शहरांतून मुंबईत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रवास खुंटला. मोबाइलचा लहान पडदा हाच अनेकांचा वर्ग झाला. अशा पडद्यावर हवी ती गोष्ट किती लवकर सापडते, यावर स्वाध्याय वेळेत जमा होणे अवलंबून असते.

मांडणीतील बदल

जुन्या मांडणीत एका अभ्यासक्रमाचे सर्व घटक बहुधा एकाच लांबलचक पानावर येत. नव्या मांडणीत पुढील बदल झाले:

* अभ्यासक्रम-सूची: डाव्या बाजूस उघड-मीट करता येणारी अनुक्रमणिका. एका पाठातून दुसऱ्या पाठात जाण्यासाठी मुख्य पानावर परतावे लागत नाही.
* दोन पातळ्यांचे मार्गदर्शन: संपूर्ण संकेतस्थळाचे दुवे सर्वांत वर, सहभागी, गुण इत्यादी अभ्यासक्रमापुरते दुवे त्याखाली.
* माझे अभ्यासक्रम: अभ्यासक्रमांची यादी स्वतंत्र पानावर गेली, मुखफलकावर कालरेषा व दिनदर्शिका यांना प्राधान्य मिळाले.
* चिन्हे: घटकांच्या चिन्हांना हेतूनुसार रंग देण्यात आले. स्वाध्याय व चाचणी ही दोन्ही मूल्यमापनाची साधने असल्याने त्यांचा रंग एकच आहे.
* संपादन-कळ: शिक्षकांसाठी संपादन चालू-बंद करण्याची कळ पानाच्या वरच्या कोपऱ्यात आली.

मर्यादा

मांडणी बदलली तरी आशयाची रचना शिक्षकाच्याच हाती राहते. कालरेषेवर मुदत दिसण्यासाठी ती स्वाध्यायाच्या मांडणी-पर्यायांत नोंदवावी लागते. केवळ जोडलेल्या सूचनापत्रात लिहिलेली तारीख प्रणालीला कळत नाही. परिणामी विद्यार्थ्याच्या कालरेषेवर काहीच दिसत नाही. तसेच घटकांना 'फाइल १', 'फाइल २' अशी नावे दिल्यास अनुक्रमणिका निरुपयोगी ठरते. जुन्या मांडणीवर आधारलेल्या मार्गदर्शक पुस्तिका व चित्रफिती नव्याने तयार कराव्या लागतात, हा संस्थांवर पडणारा आणखी एक भार होय.

मराठीतील उपलब्धता

मूडलची भाषांतरे मुख्यत्वे स्वयंसेवक करतात व मराठी भाषासंचही उपलब्ध आहे. मात्र नव्या आवृत्तीबरोबर नवे शब्दप्रयोग येतात. त्यांचे भाषांतर होईपर्यंत ते इंग्रजीतच दिसतात. त्यामुळे मराठी निवडूनही पानावर दोन्ही भाषांची सरमिसळ आढळू शकते. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये पाठ आधी उतरवून ठेवून जोडणी नसतानाही वाचता येतात. संस्थेने आपल्या संकेतस्थळावर ॲपची सोय सुरू केलेली असणे त्यासाठी आवश्यक असते.