मेंदूपर्यंत पोचलेला ल्यूपस

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एखादे यंत्र अडले म्हणजे जुना कामगार आधी विचारतो, दोष तारेत की नळीत? ल्यूपस हा रोग मेंदूपर्यंत पोचला की डॉक्टरांपुढेही असाच प्रश्न उभा राहतो. आणि उत्तर चुकले तर उपचारही चुकतो.

ल्यूपस सांसर्गिक नव्हे. रोगजंतूंशी झुंजण्यासाठी रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात, तीच येथे स्वतःच्या शरीरावर उलटतात. दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया, त्याही बहुधा ऐन कर्त्या वयातल्या. सांधे दुखतात, उन्हाने गालांवर लाली उठते, मूत्रपिंड बिघडते. एवढे काहींच्या ऐकिवात असते. परंतु त्याच स्त्रीला फेफरे आले, ती असंबद्ध बोलू लागली, किंवा तिशीतच अर्धांगवायू झाला, तर घरची माणसे भगताकडे धाव घेतात. वास्तविक १९९९ साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने ल्यूपसमधील मज्जासंस्थेच्या विकारांचे जे १९ प्रकार ठरविले, त्यांत हे तिन्ही आहेत.

तारेतला दोष म्हणजे दाह. प्रतिपिंडे मेंदूच्या पेशींना उपद्रव देतात. त्यावर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे देतात. नळीतला दोष निराळा. काही प्रतिपिंडांमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात व मेंदूची वाहिनी तुंबते. लंडनचे डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ साली ह्या विकाराचे वर्णन केले. येथे रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन बहुधा जन्मभर घ्यावे लागते. कित्येकदा दोन्ही दोष एकत्र नांदतात!

आणखी एक पेच आहे. स्टेरॉइडची मात्रा मोठी असली तर तिनेही भ्रम होऊ शकतो. आणि प्रतिकारशक्ती दबली की क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणात शिरू शकतात. अशा वेळी दाह समजून औषध वाढविणे घातक ठरेल. म्हणून डॉक्टर पाठीच्या कण्यातील पाणी तपासावयास मागतात, आणि नेमके तेथेच नातेवाईक अडून बसतात. 'सुई टोचली की माणूस लुळा होतो' ही समजूत आम्ही चाळीचाळीतून ऐकली आहे. मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली ती सुई घालतात, हे त्यांना कोणी शांतपणे सांगत नाही. डोके दुखते, तेही काहींचेच, व काही दिवसांत थांबते. मेंदूचा एम. आर. आय. निर्दोष आला म्हणून रोग नाही, असेही म्हणता येत नाही.

रक्ताच्या परीक्षेची सोय मोठ्या शहरांत आहे. मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत ल्यूपसच्या प्रतिपिंडांवर संशोधनही झाले आहे. मात्र गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी एकदा करून भागत नाही. साध्या संसर्गानेही ती तात्पुरती दिसू शकतात. किमान बारा आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. रोजंदारीवरच्या बाईला दुसऱ्या तपासणीसाठी पुन्हा खाडा करावा लागतो, आणि बरे वाटू लागले असेल तर ती जातच नाही. आमच्या संघटनेकडे आजारपणाच्या रजेचे जे अर्ज येतात, त्यांतही ह्या दुसऱ्या खेपेची रजा क्वचितच मागितलेली असते.