कीबोर्डचा आवाज जातो कुठे?

घरी खणखणीत वाजणारा कीबोर्ड कार्यक्रमात मात्र ऐकूच येत नाही, अशी तक्रार अनेक घरांतून होते. दोष बहुधा वाद्यात नसतो. तो पिन, वायर आणि मिक्सर यांच्या दरम्यान कुठेतरी दडलेला असतो आणि थोड्या माहितीने तो शोधताही येतो.

शाळेचे स्नेहसंमेलन असो, सोसायटीचा गणपती असो की हौशी मंडळींचा वाद्यवृंद, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. गायकाचा आवाज स्पष्ट येतो, ढोलक घुमते, पण कीबोर्डवर नुसती बोटे फिरताना दिसतात. समोरून 'कीबोर्ड वाढवा' अशी मागणी होते. साउंडवाला मिक्सरवरची पट्टी वर सरकवतो. कीबोर्ड वाढत नाही, खरखर तेवढी वाढते. साउंडवाला वाद्याला नावे ठेवतो, वादक साउंडवाल्याला. सुरांचा आधार सुटल्याने गायकाची पट्टी घसरते, ते वेगळेच. आणि महिनोन्‌महिने तालीम केलेल्या मुलाच्या पालकांना वाटू लागते, की आता मोठा, महागडा कीबोर्ड घ्यावाच लागणार.

हा खर्च करण्यापूर्वी कीबोर्डचा आवाज स्पीकरपर्यंत पोहोचतो कसा, हे समजून घेतलेले बरे.

माइक वेगळा, लाइन वेगळी

पेटी किंवा अॅकॉर्डियन स्वतःच आवाज करते. तिच्यापुढे माइक ठेवला की काम भागते. कॅसिओ कंपनीने १९८० मध्ये 'कॅसिओटोन २०१' हे आपले पहिले इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बाजारात आणले. पुढे आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला सर्रास 'कॅसिओ' म्हटले जाऊ लागले. या वाद्याची रीत मात्र पेटीपेक्षा अगदी निराळी आहे. स्पीकरवर ऐकू येण्यापूर्वी त्याचा आवाज म्हणजे वायरीतून धावणारा अगदी लहान विद्युतदाब असतो.

गाण्याच्या साध्या माइकमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे काही हजारावे भाग, एवढाच दाब निघतो. घरगुती टेपरेकॉर्डर किंवा सीडी प्लेअरसाठी ठरलेली पातळी सुमारे ०.३ व्होल्ट, तर रंगमंचावरच्या व्यावसायिक उपकरणांची सुमारे १.२ व्होल्ट, म्हणजे जवळपास चौपट. या दोन्हींना 'लाइन' म्हणतात. कीबोर्ड हे लाइनचे वाद्य आहे. ते माइकच्या जागी लावले तर आवाज फाटू शकतो. उलट माइकच्या पातळीचा आवाज लाइनच्या जागी गेला, तर तो ऐकूच येत नाही. निम्म्या तक्रारींचे मूळ या अदलाबदलीत सापडते.

पिनेवरची काळी कडी मोजा

सर्वांत फसवी चूक पिनेची. कीबोर्डच्या मोठ्या, पाव इंची पिनेकडे नीट पाहिले तर तिच्यावर काळी कडी दिसतात. एक कडे असेल तर पिन मोनो, दोन असतील तर स्टीरिओ. हेडफोनची पिन नेहमी स्टीरिओ असते. तिच्यातून डाव्या आणि उजव्या कानाचे आवाज वेगवेगळे जातात.

घरगुती वापराच्या अनेक कीबोर्डना बाहेर आवाज नेण्यासाठी हेडफोनचा एकच सॉकेट असतो. पुष्कळ जण दोन्ही टोकांना स्टीरिओ पिन असलेली वायर आणून ती थेट मिक्सरच्या लाइन सॉकेटमध्ये खुपसतात. अडचण अशी, की मिक्सरचा हा सॉकेट बहुधा 'बॅलन्स्ड' असतो. पिनेच्या दोन भागांवर एकच आवाज उलटसुलट येणार, हे तो गृहीत धरतो आणि एकातून दुसरा वजा करतो. बाहेरची घरघर घालवण्यासाठी ही युक्ती उत्तम. पण कीबोर्डचे डावे-उजवे आवाज पुष्कळसे सारखे असतात. सारख्यातून सारखे वजा केले की उरते काय? आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि एकोची पोकळ झाक तेवढी ऐकू येते. मिक्सरची पट्टी कितीही चढवली तरी उपयोग होत नाही, कारण मुळात आवाज आत आलेलाच नसतो.

हेडफोनच्या सॉकेटमध्ये मोनो पिन लावणे हाही उपाय नव्हे. तिथे उजवी बाजू अर्थच्या तारेला टेकते आणि फक्त डावी वाजते. एका टोकाला एक स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली दुफाटी वायर घ्यावी आणि मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनेलना लावावी. वायरींच्या दुकानात ती सहज मिळते.

कीबोर्डला 'एल/मोनो' आणि 'आर' असे दोन सॉकेट असतील तर काम आणखी सोपे. एकच वायर असेल तेव्हा ती 'एल/मोनो'मध्ये लावावी आणि 'आर' रिकामा ठेवावा. मग दोन्ही बाजू कीबोर्डच आतल्या आत एकत्र करून पाठवतो. चुकून 'आर'मध्ये लावली तर निम्माच आवाज मिळतो.

छोटी डबी, मोठा घोटाळा

रंगमंच आणि मिक्सर यांत शंभर फूट अंतर असेल तर कीबोर्डची साधी वायर तिथवर नेणे योग्य नाही. वाटेत ती घरघर गोळा करते. अशा वायरीला वीस फुटांच्या आत ठेवावे आणि पुढे 'डी.आय. बॉक्स' नावाची डबी वापरावी. ती आवाज बॅलन्स्ड करून लांब अंतरावर स्वच्छ पोहोचवते.

मात्र हे करताना साधा, ट्रान्सफॉर्मरचा डी.आय. बॉक्स विद्युतदाब सुमारे दहाव्या-बाराव्या हिश्शावर आणतो. त्याची रचनाच मिक्सरच्या माइक सॉकेटसाठी केलेली असते. त्यातून निघालेली वायर लाइनमध्ये लावली तर आवाज केविलवाणा येणारच. डबीवरचा 'पॅड' हा खटका दाबलेला राहिला तर तो आणखी पडतो. काही डब्या बॅटरीवर किंवा मिक्सरमधून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या 'फँटम' पुरवठ्यावर चालतात. बॅटरी उतरली किंवा फँटमचे बटण बंद असले तरीही आवाज बसतो किंवा फाटतो.

मिक्सरवर सुरुवात वरून

मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलवर अगदी वर 'गेन' हे बटण असते आणि तळाशी सरकपट्टी, म्हणजे फेडर. गेन ही आवाजाची पहिली पायरी. ती कमी ठेवून फेडर आणि मास्टर कितीही चढवले, तरी दुबळ्या आवाजाबरोबर यंत्राची खरखरही तितकीच मोठी होते.

म्हणून क्रम असा ठेवावा. कीबोर्डचे व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर आणावे. गाण्यातला सर्वांत जोरकस भाग वाजवायला सांगावा. त्या वेळी 'पीएफएल' बटण दाबून मीटर शून्याच्या आसपास येईपर्यंत गेन वाढवावा. लाल दिवा लागता कामा नये. मग फेडर शून्याच्या खुणेवर आणून शेवटी मास्टर ठरवावा.

जास्त वॉटचा अॅम्प्लिफायर मागवणे हा बहुधा उपाय नसतो. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दसपट शक्ती लागते, म्हणजे १०० वॉटच्या जागी १००० वॉट. गेन नीट लावला तर हा फरक फुकट पडतो.

दोष वाद्याच्या आतही असू शकतो

कीबोर्डमधले सगळे स्वर सारख्या जोराचे नसतात. पियानो ठणठणीत वाजेल आणि त्याच व्हॉल्यूमवर व्हायोलिनचा ताफा मागे पडेल. कार्यक्रमात वापरायच्या प्रत्येक स्वराची पातळी घरीच जुळवून मेमरीत साठवावी. आवाज कमीजास्त करणारा पायाचा पेडल जोडला असेल तर तो पूर्ण दाबून पाहावा. अर्धवट राहिलेला पेडल किंवा दुसऱ्या कंपनीचा, उलट जोडणीचा पेडल वादकाच्या नकळत आवाज दाबून ठेवतो.

कधी कीबोर्ड पुरेसा मोठा असूनही झाकला जातो. गायक, गिटार आणि कीबोर्ड यांचे सूर बरेचसे एकाच पट्ट्यात असतात. अशा वेळी कीबोर्ड वाढवण्यापेक्षा गिटार किंचित कमी करणे आणि बास गिटार सोबत असेल तर डाव्या हाताचे जाड सूर टाळणे अधिक उपयोगी ठरते.

जिवाशी खेळ नको

पिना बदलताना घरघर सुरू झाली, तर काही जण तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मोडतात किंवा तिची तार तोडतात. घरघर कदाचित थांबते, पण यंत्रात बिघाड झाला तर तोच प्रवाह वादकाच्या हातातून आणि गायकाच्या ओठांना लागलेल्या माइकमधून जाऊ शकतो. पावसाळ्यातल्या ओल्या मांडवात तर हा धोका फारच मोठा. घरघर घालवायला डी.आय. बॉक्सवर 'ग्राउंड लिफ्ट' हा खटका असतो. तो फक्त आवाजाच्या वायरीचे अर्थिंग तोडतो, विजेचे नाही. सर्व वाद्ये आणि मिक्सर एकाच ठिकाणाहून वीज घेतील असे पाहावे. आधी वाद्ये व मिक्सर आणि सर्वांत शेवटी अॅम्प्लिफायर सुरू करावा. बंद करताना मात्र अॅम्प्लिफायर आधी. फेडर वर असताना पिन कधीही काढू-घालू नये. त्या धक्क्याने स्पीकर जळू शकतो.

दोष शोधायचा कसा?

• प्रथम कीबोर्डला हेडफोन लावा. आवाज भरपूर असेल तर वाद्य निर्दोष आहे.
• मग वायर बदला. फरक पडला तर दोष तिच्यात.
• वायर तीच ठेवून मिक्सरचे दुसरे, चालू असलेले चॅनेल वापरा.
• डी.आय. बॉक्स असेल तर त्याचा पॅड, त्याची बॅटरी आणि मिक्सरवरचा माइक-लाइन खटका तपासा.
• एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता, हे कधीच कळत नाही.

या तपासणीला अर्धा तास पुरतो, पण तो कार्यक्रमापूर्वी काढावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या दिवशीही मर्यादा मध्यरात्रीपर्यंतच असते. सुरुवातीची वीस मिनिटे पिना बदलण्यात गेली, तर शेवटची दोन गाणी कापली जातात आणि ती बहुधा लहान मुलांची असतात.

म्हणून संयोजकांनी साउंडवाल्याला आदल्या दिवशीच किती वाद्ये येणार, कुणाला किती वायरी लागणार, हे कळवावे. हेडफोनच्या सॉकेटमध्ये पिन लावली की घरगुती कीबोर्डचा स्वतःचा स्पीकर बंद होतो, म्हणून वादकाजवळ एक मॉनिटर स्पीकरही सांगून ठेवावा. पालकांनी मुलाच्या कीबोर्डच्या पिशवीत दुफाटी वायर, एक जादा वायर आणि मूळ अॅडॉप्टर ठेवावा. नव्या कीबोर्डच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे आणि मुलाने वर्षभर घोटून बसवलेले गाणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी बहुतेक वेळा तेवढाच पुरतो.