बंब येईपर्यंतचं गाव

बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा. आगीचे बंब मात्र मुख्यतः नगरपालिकांच्या गावी. संग्रामपूर किंवा लोणारकडच्या खेड्यात गोठा पेटला की १०१ ला फोन लागतो, गाडी निघते. पण मे महिन्यातला वारा कुणासाठी थांबत नाही. तोवर जे वाचतं ते शेजाऱ्यांच्या हातून वाचतं. कुणी ट्रॅक्टरला टँकर जोडतं, कुणी पत्रे उचकटतं, कुणी लाइनमनला फोन करून वीज बंद करायला लावतं. या माणसांना ना गणवेश, ना रजिस्टरात नाव. तरी जिल्ह्यातलं सर्वांत मोठं अग्निशमन दल मी यांनाच मानतो.

त्यांची खरी अडचण पाण्याची. वीज बंद केली की विहिरीवरची मोटारही बंद पडते, आणि शेतीपंपाची वीज एरवीही ठरावीक तासांचीच. म्हणून उन्हाळाभर एक टँकर भरून ठेवणं आणि एक डिझेल पंप चालू हालतीत ठेवणं, ही ग्रामपंचायतीला सहज जमणारी तयारी आहे. फवारणीचा एचटीपी पंपही कामाला येतो, मात्र आधी धुतलेला हवा. विषारी औषधाचे अंश धुरात मिसळले तर विझवणाराच आडवा होईल.

वऱ्हाडातली आग पिकाच्या मागे येते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या सुड्या, उन्हाळ्यात कुटार आणि कडब्याच्या गंज्या, आणि भाव वाढेल या आशेनं घरात साठवलेला कापूस. त्याच खोलीत मोबाइलचा चार्जर, देवापुढचा दिवा, भिंतीपलीकडे चूल. कापसाची आग फसवी असते. वरून विझली तरी पोटात धुमसत राहते. ढीग उपसून, पसरून, आतपर्यंत भिजवून रात्रभर राखण करावी लागते. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर आधी पेटल्या त्या कापसाच्या गाठीच. त्याच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. स्फोटात ६६ अग्निशामक जवान गेले. दर वर्षी १४ ते २० एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

आग विझवणं हे शेजारधर्माचं काम मानून त्याला शिस्त लावणारे लोक जगात पुष्कळ आहेत. फिलाडेल्फियात १७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं सोबत्यांसह दल उभारलं, तेव्हा प्रत्येकानं पाण्यासाठी चामडी बादल्या आणि सामान काढायला पिशव्या बाळगायच्या, असा नियमच होता. चिलीत तर आजही सगळे अग्निशामक स्वयंसेवकच आहेत.

आपल्याकडे या वळणाची संस्था म्हणजे होमगार्ड. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत ती सुरू झाली, पुढच्याच वर्षी कायदा झाला. ब्रीद ‘निष्काम सेवा’. आपापला कामधंदा सांभाळून आलेले लोक इथे कवायतीबरोबर प्रथमोपचार आणि आग विझवणंही शिकतात. आपल्याला ते दिसतात ते निवडणुकीच्या, गणेश विसर्जनाच्या, यात्रेच्या बंदोबस्तात. हे शिक्षण गावातल्या पोरांपर्यंत पोचत नाही, याची मला खंत वाटते. एप्रिलच्या त्या सप्ताहात एकेका होमगार्डनं आपल्याच गावात दोन तास दिले तरी पुष्कळ होईल.

काय शिकवावं? आधी गोठा. आगीत जनावरं मरतात ती दाव्याला बांधलेली असतात म्हणून. तेव्हा एका झटक्यात सुटणारी गाठ आणि दाराशी कायम टांगलेला विळा, एवढं प्रत्येक गोठ्यात असावं.

मग स्वयंपाकघर. पेरणी-कापणीच्या दिवसांत घरी असतात आजी आणि नातवंडं; शिकवायचं ते त्यांना. गॅस हवेहून जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, दिव्याच्या बटणाला हात लावू नये, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करावा. कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच ओतू नये; गॅस बंद करून झाकण ठेवावं. लुगड्यानं पेट घेतला तर धावू नये, जमिनीवर लोळावं. भाजल्यावर हळद नको, टूथपेस्ट नको. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, स्वच्छ सुती कापड आणि १०८.