औषधांच्या कपाटातील वाइन

गेल्या दिवाळीत माझ्या एका जुन्या रुग्णाचा मुलगा कॅलिफोर्नियाहून आला. येताना त्याने नापा खोऱ्यातील तांबड्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या आणि ‘हृदयाला चांगली असते, बाबा’ असे सांगून तो परत गेला. ७४ वर्षांच्या त्या निवृत्त प्राध्यापकांनी बाटल्या औषधांच्या कपाटात ठेवल्या व रोज रात्री एक पेला घेऊ लागले. तिसऱ्या रात्री पोट जड वाटले म्हणून ते जेवले नाहीत. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी आणि पेला मात्र चुकला नाही. पहाटे त्यांच्या पत्नीचा फोन आला. अंग घामाने चिंब, बोलणे असंबद्ध, साखर ५२. गिळता येत होते, म्हणून साखरेचे पाणी पाजता आले आणि ते सावरले.

वाइनची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या या खोऱ्यात दिवसा कडक ऊन आणि रात्री गार हवा असते. तेथील काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाच्या उग्रपणाला मर्लोच्या मिश्रणाने मऊपणा येतो. आतून भाजलेल्या ओक लाकडाच्या पिंपांत ही वाइन महिनोन्‌महिने मुरते, तेव्हा तिला व्हॅनिलाचा, लवंगेचा गंध चढतो. १९७६ साली पॅरिसमध्ये नावे झाकून घेतलेल्या चाचणीत नापाच्या वाइनने बोर्दोच्या नामवंत वाइनना मागे टाकले होते. परंतु त्याच उन्हात द्राक्षे पूर्ण पिकतात, त्यांत साखर वाढते आणि त्या साखरेचाच पुढे मद्यार्क होतो. म्हणून या वाइनमध्ये तो बहुधा १४ ते १५ टक्के असतो. १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १७ ग्रॅम! वार्धक्यात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटलेले असते. त्यामुळे तेवढाच पेला रक्तात अधिक चढतो.

मद्यार्क पचविण्यात गुंतलेले यकृत नवी साखर तयार करण्यात मागे पडते. पोट रिकामे आणि वर साखर उतरविणारी गोळी, मग प्राध्यापकांचे झाले ते होणारच. झोपेच्या गोळीबरोबर वाइन घेतल्यास श्वास मंदावू शकतो, रात्री उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. वॉरफरिन घेणाऱ्यांस रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि हृदयाचे काय? तांबड्या वाइनमधील ज्या रेस्व्हेराट्रॉलचा गवगवा झाला, ते तिच्यात नाममात्र असते. मद्यपानाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. हृदयासाठी म्हणून या वयात वाइन सुरू करू नये. ज्यांना पूर्वीपासून सवय आहे, त्यांनी गोळ्यांचा डबा घेऊन एकदा डॉक्टरांसमोर बसावे, आणि पेल्याचे माप लपवू नये. (ते लपवले जाते, हा माझा अनुभव.) शुश्रूषा करणाऱ्यांनीही हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

प्राध्यापकांची दुसरी बाटली आता दिवाणखान्यात शोभेला आहे. मुलाला अजून कोणी काही सांगितलेले नाही; ते मी सांगावे, अशी त्यांची इच्छा आहे.