पुरासाठी ट्रक भरण्याआधी कोणाला विचारायचे?

पैनगंगा फुगली की आपल्या कार्यकर्त्यांचे फोन वाजू लागतात. "कपडे कुठे आणून देऊ?" "टेम्पो माझा, डिझेल मंडळाचे, चालेल का?" "पंचवीस किलो तांदूळ बाजूला काढलाय." ही माणुसकी भीमपूर परिसरात भरपूर आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. पण या कामात आम्ही चुकलोही आहोत. एका पावसाळ्यात जमवलेल्या गाठोड्यांपैकी निम्मी पाठवण्यालायक नव्हती. उरलेली कोणत्या गावाला हवीत हे आम्ही कोणाला विचारलेच नव्हते. वर्षभर ती कोपऱ्यात पडून राहिली आणि शेवटी उंदरांनी त्यांची विल्हेवाट लावली. तेव्हापासून सभासद विचारतात, की हे ठरवते तरी कोण? त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

मदत गोळा करणे सोपे असते. ती योग्य वस्तू होऊन, योग्य गावी, योग्य दिवशी पोहोचणे हे वेगळेच शास्त्र आहे. त्याला रसद म्हणतात. सैन्याचा हा जुना शब्द संकटातल्या मदतीलाही चपखल बसतो. गोदाम कुठे, रस्ता कोणता चालू, माल उतरवून कोण घेणार, चलनावर सही कोणाची, असे साधेच प्रश्न असतात, पण पुराच्या रात्री ते कोणालाच सुचत नाहीत. म्हणून अनेक ठिकाणी अनुभवी माणसांचा एक सल्लागार गट आधीच नेमून ठेवतात. हा गट हुकूम सोडत नाही, ट्रकही चालवत नाही. काय पाठवा, काय पाठवू नका आणि कोणी कोणाशी बोलायचे, एवढे तो सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत २००५ पासून रसदीसाठी वेगळा समन्वय गट आहे. त्याचे नेतृत्व जागतिक अन्न कार्यक्रमाकडे असते आणि त्याला सल्ला द्यायला सहभागी संस्थांच्या प्रतिनिधींचा छोटा गट असतो.

असा सल्ला नसला की काय होते, याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण आर्मेनियाचे आहे. तिथे १९८८ साली मोठा भूकंप झाला आणि किमान ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य येऊन पडले. काय आले आहे हे नुसते समजून घ्यायला ५० माणसांना सहा महिने लागले. पाहताक्षणी ओळखू येतील अशी औषधे जेमतेम ३० टक्के होती. शेवटी २० टक्के नष्ट करावी लागली. पाठवणाऱ्यांपैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम केले. औषध पोहोचेल तेव्हा त्याची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी, हा त्यातलाच एक.

पण आपल्याला आर्मेनियापर्यंत जायची गरज नाही, किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसे गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्याच दगडमातीच्या भिंतींखाली. पुढच्या दिवसांत राज्याच्या कानाकोपऱ्यातून मदत निघाली. तिच्यासोबत बघेही निघाले. अरुंद रस्त्यांवर बघ्यांच्या आणि मदतीच्या गाड्यांची एकच गर्दी झाली आणि जखमींना बाहेर काढणाऱ्यांनाच वाट मिळेना. वरून पाऊस. आपल्यातल्या वयस्कर मंडळींना ते दिवस आठवत असतील.

किल्लारीची खरी शिकवण मात्र त्यानंतरच्या वर्षांतली आहे आणि ती फार कमी सांगितली जाते. जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवायची होती आणि त्याशिवाय मोठ्या प्रदेशातली दोन लाखांच्या आसपास घरे जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करायची होती. अभियंते होते, पैसे होते, नकाशे होते. पण घर कसे बांधायचे हे ज्या बाईला तिथे राहायचे तिला कोणी विचारायचे? यासाठी शासनाने लोकसहभागाचे सल्लागार नेमले. नव्या गावांसाठी टाटा समाजविज्ञान संस्था आणि दुरुस्तीच्या कामासाठी प्रेमा गोपालन यांची 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था. या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' उभ्या केल्या. सरकारी योजना काय आहे, पहिला हप्ता केव्हा मिळतो, सिमेंट कुठे मिळते, भिंतीत कोपऱ्याला काय घालायचे, हे त्या घरोघरी समजावून सांगत आणि गावाची तक्रार उलट दिशेने कचेरीपर्यंत नेत.

पुढे २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका गुजरातच्या गावांत गेल्या. त्सुनामीनंतर तामिळनाडूतही गेल्या. त्यांच्याकडे पदवी नव्हती. पण ढिगाऱ्यातून उठून घर परत उभे करताना कुठे अडते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? आमच्या मते 'तज्ज्ञ' या शब्दाचा अर्थ ठरवताना या बायका डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुराने दुसरी बाजू दाखवली. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. मदत होती, पण ती पाण्याच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत उभी होती आणि कोल्हापूर शहरात पेट्रोलची टंचाई झाली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना बाहेर काढणारी होडी उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. कोणत्या गावाला किती होड्या लागतील, हा प्रश्न पाणी दारात येण्याच्या आधी विचारायचा असतो. महापुराच्या कारणांचा अभ्यास करायला नंतर जलसंपदा विभागाचे निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने २०२० मध्ये अहवाल दिला. असे अहवाल हवेतच. पण ते पूर ओसरल्यावर येतात. आपण इथे ज्या सल्ल्याबद्दल बोलतो आहोत तो त्याच्या आधीचा.

कायद्यात त्याची सोय आहे, हे अनेकांना माहीत नसते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते. कलम २८ प्रमाणे या प्राधिकरणाला गरजेप्रमाणे सल्लागार समित्या नेमता येतात. राज्यासाठी हीच सोय कलम १७ मध्ये आणि देशासाठी कलम ७ मध्ये आहे. मदत छावणीत माणसाला निदान काय मिळाले पाहिजे याचेही राष्ट्रीय निकष आहेत: डोक्यावर छप्पर असलेली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला पिण्याचे किमान तीन लिटर पाणी, मोठ्यांना २,४०० उष्मांकांचे अन्न. आपल्या सभागृहात शंभर माणसे 'कशीबशी मावतील' असे आपण सहज म्हणतो. त्या शंभरांना ३५० चौरस मीटर लागतात. एकदा टेप लावून बघा.

आता आपल्याकडचा पेच. भीमपूर मंडल (तेलंगणातले 'मंडल' म्हणजे तालुक्यासारखा महसुली भाग, आपले 'मंडळ' वेगळे, पत्रव्यवहारात घोळ नको) २०१६ च्या जिल्हा पुनर्रचनेत झाले. ते अगदी राज्याच्या सीमेवर आहे. पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबादचे जिल्हा प्राधिकरण, पलीकडे यवतमाळचे. नदी एकच, आणि वर इसापूर धरणातून सोडलेले पाणी दोन्ही काठांना सारखेच भिजवते. जुलै २०२३ च्या पुरात डोलाऱ्याजवळ पैनगंगेच्या पाण्यामुळे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरची वाहतूक थांबवावी लागली होती. अशा वेळी अलीकडची सूचना तेलुगूत निघते, पलीकडची मराठीत. आपल्या घरातल्या आजीला देवनागरी वाचता येते, तेलुगू येत नाही. शेजारच्या पाड्यावर गोंडी किंवा कोलामी बोलतात, तिथे दोन्ही अपुऱ्या. उलट नदीपलीकडे आपली सोयरीक आहे. पाणी कुठवर आले हे कचेरीच्या आधी आपल्याला मामाच्या फोनवरून कळते. ही माहिती म्हणजेच रसद आहे, पण ती आज कोणत्याही यादीत नाही.

म्हणून कार्यकारिणीने ठरवले आहे की जिल्हा प्राधिकरणाला सल्लागार समितीसाठी विनंतीपत्र द्यायचे आणि त्यासोबत आपल्याकडची माहिती जोडायची. त्यात नदीकाठी वाढलेले, उताराची वाट ओळखणारे दोघे-तिघे, कापूस व्यापारातले गोदामाचा हिशोब सांभाळणारे कोणी, एक परिचारिका किंवा आशाताई आणि तेलुगू-मराठी दोन्ही सफाईने लिहिणारी एखादी तरुण मुलगी असावी, असे आम्हाला वाटते. महिलांची नावे निम्मी तरी हवीत. ट्रॅक्टर, डोंगा, जनरेटर, पाण्याची टाकी कोणाकडे आहे तेही लिहायचे आहे. ट्रॅक्टरच्या पुढे चालकाचे नाव आणि पाण्यात गाडी घालण्याचा त्याचा अनुभवही लिहावा.

समिती होईपर्यंत आपले नियम साधे. मागितल्याशिवाय कपडे घ्यायचे नाहीत. खोके एका माणसाला उचलता येईल इतकेच, पंचवीस किलोच्या आत, आणि आत काय आहे ते बाहेर मराठी व तेलुगूत ठळक लिहिलेले. औषधे डॉक्टरांच्या यादीशिवाय नाहीत. गाडी निघण्याआधी पोहोचण्याच्या गावातल्या एका माणसाशी फोनवर बोलणे झालेच पाहिजे. आणि पूर पाहायला म्हणून पुलावर गाडी घेऊन कोणीही जायचे नाही.

यादीचा कागद सभागृहात ठेवला आहे. मृग लागण्याआधी आपापल्या घरची नोंद करावी. नदीपलीकडच्या सोयऱ्यांचे फोन नंबर वेगळ्या वहीत लिहायचे आहेत, ती वही सचिवांकडे मिळेल.