स्वराज द्वीपावरील मुक्काम

महाराष्ट्रातून अंदमानास जाणाऱ्या प्रवाशाच्या यादीत सेल्युलर जेलच्या पाठोपाठ ज्या एका स्थळाचे नाव हमखास असते, ते पूर्वीचे हॅवलॉक, म्हणजे ३० डिसेंबर २०१८ पासून सरकारी दप्तरात स्वराज द्वीप म्हणून नोंदले गेलेले बेट होय. पांढरी वाळू, निळेहिरवे पाणी, किनाऱ्यापर्यंत आलेले अरण्य आणि शहराच्या कोलाहलापासून मिळणारी पूर्ण मुक्तता, अशी बेटावरील सुटीची जी कल्पना आपण मनाशी बाळगून असतो, ती या बेटाच्या बाबतीत बहुतांशी खरी ठरते. परंतु ती अपुरी आहे, आणि अपुऱ्या कल्पनेवर विसंबून गेलेला मनुष्य पुष्कळदा रुष्ट होऊन परततो. माझ्या मते बेटाचे सुख आणि बेटाची गैरसोय यांचा उगम एकच आहे, आणि तो म्हणजे चहूबाजूंचे पाणी. ज्याला त्या पाण्यापासून मिळणारे सुख हवे असेल, त्याने त्याच पाण्यापासून येणाऱ्या अडचणींची तजवीज निघण्यापूर्वीच करून ठेवली पाहिजे.

सुखाचा विचार करू लागले म्हणजे प्रथम डोळ्यांपुढे येतो तो राधानगरचा किनारा. बेटाच्या पश्चिम अंगास असलेल्या या किनाऱ्याला २००४ साली ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने आशियातील सर्वोत्कृष्ट किनारा ठरविले, आणि तेव्हापासून त्याची कीर्ती सर्वदूर पसरली. तथापि ती कीर्ती ठाऊक नसलेला मनुष्यही तेथे पोचताच क्षणभर स्तब्ध उभा राहील, याविषयी मला शंका नाही. समुद्री मोहाचे उंच, सरळसोट वृक्ष जेथे संपतात तेथेच वाळू सुरू होते, आणि ती वाळू पावलांना पिठासारखी मऊ लागते. आपल्या कोकणातील वाळू बहुधा करडी किंवा काळसर असते, कारण सह्याद्रीचा काळा पाषाण आणि किनाऱ्यालगतचा जांभा झिजवून नद्यांनी जो गाळ वाहून आणला, त्याचा अंश तीत असतो. आणि त्याच गाळामुळे आपल्याकडील समुद्राचे पाणीही वर्षाचा बराच काळ गढूळ दिसते. अंदमानच्या या बेटांवर मोठी नदी नाही. येथील वाळू मुख्यतः प्रवाळांचे आणि शंखशिंपल्यांचे चूर्ण आहे, आणि ते चूर्ण करण्याच्या कामी लाटांना पोपटमासा नावाचा एक रंगीत मासा साहाय्य करतो, जो आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडून खातो आणि त्यातील न पचलेला चुना बारीक वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. पाणी स्वच्छ, तळ पांढरा, आणि सूर्यप्रकाशातील तांबड्या किरणांचे पाण्याकडून होणारे शोषण, या तिन्हींच्या संयोगाने उथळ समुद्राला तो निळाहिरवा रंग चढतो, जो छायाचित्रात पाहिला असता खोटा वाटतो आणि प्रत्यक्षात तसाच असतो.

परंतु किनाऱ्यावर बसून पाण्याकडे पाहणे हे या सुखाचे अर्धेच रूप झाले. उरलेले अर्धे पाण्याखाली आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच थोर आहे. तोंडात श्वास घेण्याची नळी आणि डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावून एलिफंट बीचच्या उथळ पाण्यात पालथे पडले, तरी दोन हातांवर प्रवाळांची एक संपूर्ण सृष्टी उलगडते. आणि ज्यांच्या अंगी थोडे अधिक धैर्य असेल, ते पाठीवर हवेची नळकांडी बांधून, प्रशिक्षकाचा हात धरून, दहा-बारा मीटर खोलीपर्यंत जाऊन येऊ शकतात. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाबरोबर ही डुबकी मारण्याची मुभा असते. प्रथम कानांत दडे बसतात, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की ते मोकळे होतात, आणि मग स्वतःच्या श्वासोच्छ्वासाखेरीज दुसरा आवाज उरत नाही. मात्र डुबकी मारल्यानंतर साधारणतः अठरा ते चोवीस तास विमानात पाऊल ठेवू नये, कारण पाण्याच्या दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वायू शरीराबाहेर पडण्यास तेवढा अवधी लागतो, आणि विमानातील कमी दाबात त्याचे बुडबुडे झाल्यास ते प्राणावर बेतू शकते. परतीच्या आदल्या सायंकाळी डुबकीचा कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

प्रवाळ हा दिसायला दगड आणि वास्तविक प्राणी. सुईच्या अग्राएवढ्या असंख्य जीवांनी स्वतःभोवती चुन्याची घरे बांधीत शतकानुशतके ही नगरे उभारलेली असतात, आणि त्यांच्या ऊतींत आश्रयास राहणारी सूक्ष्म शेवाळे सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करून आपल्या यजमानास पुरवितात. प्रवाळाचा रंगही पुष्कळसा त्या आश्रितांचाच असतो. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापून तसेच काही आठवडे राहिले, म्हणजे ही शेवाळे बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानच्या समुद्रात हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडला, आणि पुष्कळ ठिकाणचे खडक त्यातून अद्याप पूर्णपणे सावरलेले नाहीत. अशा आजारी नगरावर एखादा हौशी प्रवासी छायाचित्रासाठी उभा राहिलेला पाहिला, की मनस्वी दुःख होते. कारण त्याच्या पायाखाली जो तुकडा मोडतो, त्याची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर एवढीच असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे प्रवाळांना संरक्षण आहे, आणि किनाऱ्यावर वाहून आलेला मृत तुकडा पिशवीत घालून नेणेही बेकायदेशीर आहे, ही गोष्ट पुष्कळांना विमानतळावरील तपासणीत प्रथमच कळते.

बेटावरील दिवसावर भरती-ओहोटीचा अंमल चालतो. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि तीही रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकणारी. त्यामुळे ज्या विजयनगरच्या किनाऱ्यावर सकाळी गळ्याइतक्या पाण्यात पोहता आले, तेथेच दुपारी खडक उघडे पडून घोटाभर पाणीही उरत नाही. शेजारच्या शहीद द्वीपावरील, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावरील, लक्ष्मणपूरची नैसर्गिक दगडी कमान पाहण्यास तर ओहोटीच लागते; भरतीच्या वेळी गेलेला प्रवासी हात हलवीत परततो आणि मार्गदर्शकाला बोल लावतो. गावी गेल्यावर आपण पंचांग पाहतो की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. येथे मात्र भरतीचे कोष्टक पाहिल्यावाचून दिवसाची आखणी करू नये.

सूर्याचाही हिशेब निराळा. अंदमान सुमारे ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरून मोजली जाते. मुंबई तर ७३ अंशांच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटे धरली, तर मुंबईच्या मानाने येथील सूर्य सुमारे ऐंशी मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात पाच वाजण्याच्या सुमारास सूर्यास्त होऊन साडेपाचला अंधार पडतो. आठ वाजता उठून, सावकाश न्याहारी करून, दहाला बाहेर पडण्याचा शहरी शिरस्ता ज्यांनी सोडला नाही, त्यांचा निम्मा दिवस व्यर्थ गेला असे समजावे. याउलट पहाटे पाचला किनाऱ्यावर जाणाऱ्यास जे एकांताचे ऐश्वर्य लाभते, ते कोणत्याही उंची हॉटेलाच्या दरपत्रकात नसते.

आता गैरसोयींकडे वळतो. पहिली गैरसोय बोटीची. स्वराज द्वीपास विमान नाही. श्री विजयपुरम, म्हणजे सप्टेंबर २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, येथून सरकारी फेरीने वा खासगी जलद बोटीने दीड ते अडीच तासांचा प्रवास करावा लागतो, आणि समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. त्यावर कोणाचीही रदबदली चालत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ऐन हंगामात समुद्रात वादळ उठले, तेव्हा शेकडो पर्यटक या बेटांवर अडकून पडले आणि नौदलाची जहाजे धाडून त्यांना सोडवावे लागले. म्हणून परतीच्या विमानापूर्वीची शेवटची रात्र मुख्य बेटावरच काढावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी पीडा वाळूमाशीची. तिळाएवढीही नसलेली ही माशी सकाळ-संध्याकाळ ओलसर वाळूजवळ चावते, चावताना जाणवत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर खाज सुटते. वाळूवर थेट न लोळणे आणि पायांना तेल वा मलम चोपडणे, एवढाच त्यावर उपाय आहे. बारा अंश अक्षांशावरील उन्हाविषयी निराळे सांगावयास नको. पाण्यात पालथे पोहणाऱ्यांची पाठ थंडाव्यात कळू न देता करपते. याहून गंभीर प्रश्न मगरीचा आहे. अंदमानच्या खाड्यांत आणि तिवरांच्या जंगलांत खाऱ्या पाण्यातील मगर राहते, आणि एप्रिल २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका लहानशा खाडीवजा जागेत पोहणाऱ्या परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. असे प्रसंग विरळा, हे खरे. परंतु मगरीचा फलक लावलेल्या ठिकाणी, किंवा सूर्यास्तानंतर, पाण्यात उतरण्याचा हट्ट धरणे हा शुद्ध अविचार होय. जीवरक्षकाची शिटी वाजताच बाहेर यावे.

ज्या गैरसोयीविषयी प्रवासी क्वचितच विचार करतो, ती त्याला भोगावी लागत नाही, बेटावरील रहिवाशांना भोगावी लागते. लहान बेटाच्या भूगर्भात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर त्याची उंची एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते, आणि त्याच हिशेबाने वरून थोडा अधिक उपसा झाला तरी खालून खारे पाणी झपाट्याने चढते. कोकणातील ज्या गावांच्या विहिरी मचूळ झाल्या, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या द्वीपसमूहात फेब्रुवारी ते एप्रिल पाण्याची चणचण असते, आणि पर्यटकही त्याच कोरड्या हंगामात येतात. तांदूळ, डाळ, डिझेल, सिमेंट, बहुतेक सर्व जिन्नस चेन्नई-कोलकात्याहून जहाजाने येतात; बेटावरील जेवण महाग का, या प्रश्नाचे उत्तर त्या जहाजांत आहे.

आणि हे रहिवासी कोण? फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची कुटुंबे सरकारने १९५० नंतरच्या काळात येथे वसविली. जंगल तोडून त्यांनी शेती केली आणि गावांना गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी आपल्या दैवतांची नावे दिली. शहीद द्वीपावर सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर आहेत. शहीद द्वीपाची भाजी आजही श्री विजयपुरमच्या बाजारात जाते. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी उभारलेल्या या वसाहतींतून आपण सुटीसाठी फिरतो, ही जाणीव ठेवून त्यांच्या सुपारीच्या बागांतून सायकलीने एक फेरी मारली, त्यांच्या खानावळीत मोहरीच्या रश्शातील मासा खाल्ला, तर मला वाटते राधानगरच्या सूर्यास्ताइतकेच काही पदरी पडते.

मराठी माणसाला बेटाभोवतीच्या या पाण्याचा आणखी एक अर्थ ठाऊक आहे. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधला गेला, आणि ४ जुलै १९११ रोजी सावरकर तेथे आणले गेले, तेव्हा कोठडीच्या भिंतीपलीकडील खरी भिंत हाच समुद्र होता. ज्या अलगपणासाठी आज आपण पैसे मोजतो, तो अलगपणा इंग्रज सरकारने शिक्षा म्हणून योजिला होता. म्हणून जेल आणि किनारा एकाच दिवशी धावतपळत उरकणारे कार्यक्रम मला अत्यंत अनुचित वाटतात. जेलसाठी एक अख्खा दिवस राखावा, तीन बेटे पाहण्याऐवजी एकाच बेटावर चार रात्री राहावे, आणि शक्य असेल तर नाताळच्या गर्दीऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे. तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो आणि पाण्याखाली दूरवर दिसते. पाण्याची टंचाई याच दिवसांत असते, हे मी वर सांगितलेच आहे. तेव्हा स्नानाला एक बादली पाणी पुरवून घ्यावे.