दंडाच्या रक्तात मेंदूची बातमी

लकवा मारलेल्या माणसाच्या खाटेशेजारी घरच्यांचा प्रश्न एकच असतो : "डॉक्टर, हे पुन्हा चालतील ना?" स्कॅनमध्ये मेंदूतला डाग दिसतो, पण डागाचा आकार सगळं सांगत नाही. मोक्याच्या जागी पडलेला इवलासा डागही अख्खा हात लुळा करतो. मग उत्तराचा धागा शोधायचा कुठे? चक्क दंडातून काढलेल्या रक्तात!

मेंदू कवटीत बंद. त्याची बातमी दंडापर्यंत येते कशी? मेंदूच्या पेशीला एक लांब तार असते, अक्षतंतू. पाय हलवायला लावणारी तार डोक्यातून निघून थेट पाठीच्या कण्यात उतरते. हातभराहून लांब, केसाहून कितीतरी बारीक. तिला आतून आधार देतात प्रथिनांच्या सळया. तार मोडली की सळयांचे तुकडे सुटतात, मेंदूभोवतीच्या पाण्यात येतात आणि तिथून रक्तात झिरपतात. त्यातल्या एका प्रथिनाचं नाव न्यूरोफिलामेंट लाइट, म्हणजेच एनएफएल.

आणि मोडतोड तरी किती? जेफ्री सेव्हर या अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने २००६ साली हिशेब मांडला : मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार झाले नाहीत, तर मिनिटाला १९ लाख पेशी आणि १२ किलोमीटर तारा जातात. एका मिनिटात!

तरीही रक्तात एनएफएल असतं किती थोडं! निरोगी माणसात मिलिलिटरमागे १० पिकोग्रॅमच्या आसपास. म्हणजे १० हजार लिटरचे १० हजार टँकर, आणि त्या सगळ्यांत मिळून १ ग्रॅम मीठ. हे मोजायचं कसं? २०१० साली डेव्हिड वॉल्ट यांच्या चमूने युक्ती जगापुढे ठेवली : प्रथिनाचा एकेक रेणू चुंबकीय मण्याला चिकटवायचा, एकेक मणी सूक्ष्म खळग्यात बसवायचा आणि रेणू असेल तो खळगा उजळवायचा. मग रात्री चाळीतल्या दिवे लागलेल्या खोल्या मोजाव्यात, तसे उजळलेले खळगे मोजायचे.

खरं नवल पुढेच आहे. झटका येतो एका दिवशी, पण एनएफएल दोन-तीन आठवडे चढतच राहतं. का? १८५० साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेची नस कापून पाहिलं होतं : पेशीपासून तुटलेला भाग लगेच नाहीसा होत नाही, हळूहळू विरघळत जातो. मेंदूतही तेच घडतं. म्हणूनच ज्यांच्या रक्तात हा आकडा जास्त चढतो, त्यांना तीन महिन्यांनी दुबळेपणा जास्त उरलेला आढळतो. अर्थात वय वाढलं किंवा मूत्रपिंड थकलं, तरी आकडा वर जातो. त्यामुळे एकट्या आकड्यावर कुणाच्या चालण्याचा निकाल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

काठी टेकत तो माणूस तीन महिन्यांनी अंगणात येतो, तेव्हाही त्याच्या रक्तात त्या एका दिवसाचे तुकडे सापडत असतात.